शिंगराची शाळा

(घोड्यावर बसलेला स्वार सर्वांना दिसतो. पण त्या घोड्याला पाठीवर माणूस घ्यायला कोणी शिकवले, कसे शिकवले, हे सहसा कोणाला दिसत नाही. घोड्याचे पहिले शिक्षण माणूस जमिनीवर उभा राहून देतो. ते शिक्षण कसे असते आणि त्यात धीराला इतके महत्त्व का आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

ही गोष्ट २३०० वर्षांहून अधिक काळापूर्वीची आहे. ग्रीस देशाच्या उत्तरेला मॅसिडोनिया नावाचे राज्य होते. फिलिप हा तेथील राजा. एके दिवशी एक व्यापारी त्याच्याकडे घोडा विकायला घेऊन आला. घोडा मोठा उमदा होता आणि किंमतही तशीच भारी होती. पण तो कोणालाच जवळ येऊ देईना. कोणी लगामाला हात घातला की तो उधळे, मागच्या पायांवर उभा राही. राजा वैतागला आणि त्याने घोडा परत न्यायला सांगितले.

राजाचा कोवळ्या वयाचा मुलगा हे सारे पाहत होता. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. घोड्याची सावली त्याच्यापुढे जमिनीवर पडली होती. घोडा हलला की सावली हले आणि सावली हलली की घोडा बुजे. मुलाने वडिलांची परवानगी घेतली. तो घोड्याजवळ गेला, लगाम हातात घेतला आणि घोड्याचे तोंड हळूच सूर्याकडे वळवले. सावली मागे गेली. मग तो घोड्याबरोबर काही पावले चालला. त्याने त्याला थोपटले, शांत होऊ दिले आणि नंतरच अलगद त्याच्या पाठीवर उडी घेतली. ज्याला सर्वांनी नाठाळ ठरवले होते, तो घोडा आता त्याचे ऐकू लागला.

हा मुलगा म्हणजेच पुढे जगभर प्रसिद्ध झालेला सिकंदर. त्या घोड्याचे नाव ब्यूसेफेलस. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने ही कथा लिहून ठेवली आहे. पुढे अनेक मोहिमांत हा घोडा सिकंदराबरोबर होता. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलम नदीच्या काठी पोरस राजाशी लढाई झाली. त्यानंतर तो घोडा मरण पावला, तेव्हा सिकंदराने त्याच्या नावाने तेथे एक नगर वसवले.

या कथेत सिकंदराचे धाडस सर्वांना आवडते. पण त्याहून मोठी गोष्ट त्याने पाठीवर बसण्याआधी केली. घोड्याला कशाची भीती वाटते, ते त्याने पाहिले. ती भीती त्याने दूर केली. तो आधी घोड्याच्या बाजूने चालला आणि मग त्याच्यावर बसला. घोडे शिकवणारी जाणती माणसे आजही हेच करतात. त्यांना काही क्षणांत हे काम उरकायचे नसते. ते त्यासाठी कित्येक महिने देतात, कधी कधी वर्षेही देतात.

घोड्याचा स्वभाव

घोड्याला शिकवायचे तर आधी त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. घोडा हा गवत खाणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. माणसाने त्याला पाळण्यापूर्वी हजारो वर्षे लांडग्यासारखी हिंस्र जनावरे त्याची शिकार करत आली. त्याला वाघासारखे सुळे नाहीत, बैलासारखी शिंगे नाहीत. जीव वाचवण्याचा त्याचा मुख्य उपाय एकच, तो म्हणजे पळणे. झुडूप हलले की आधी पळायचे आणि मग वळून पाहायचे, ही सवय त्याच्या रक्तातच आहे. जो घोडा विचार करत उभा राहिला, तो वाचला नाही. म्हणून आजचा घोडासुद्धा रस्त्यावर उडणारी कागदाची पिशवी पाहून बुजतो. तो भित्रा आहे म्हणून त्याला हसू नये. त्या भीतीनेच त्याच्या पूर्वजांचे प्राण राखले आहेत.

त्याचे अवयवही याच कामासाठी घडले आहेत. घोड्याचे डोळे जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत फार मोठे असतात आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त दोन जागा त्याला दिसत नाहीत. एक कपाळाच्या अगदी समोरची आणि दुसरी शेपटीच्या बरोबर मागची. म्हणून घोड्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. मागून गुपचूप गेल्यास तो लाथ मारतो. ती लाथ दुष्टपणाची नसते. मागे कोण आले हे त्याला कळलेले नसते, एवढेच.

घोड्याचे कान म्हणजे तर त्याच्या मनाचे काटेच. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरू शकतात. घोड्याचे लक्ष जिकडे, तिकडे त्याचा कान. कान पुढे टवकारले तर तो समोरचे काहीतरी निरखत आहे. कान मागे मानेला चिकटवले तर तो चिडला आहे. कान सैल, मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले असले तर तो निवांत आहे. शिकवणाऱ्याला ही भाषा आली पाहिजे. घोड्याला आपली भाषा शिकवण्याआधी त्याची भाषा आपण शिकावी लागते.

पहिले धडे

समजा, एका तबेल्यात एक शिंगरू जन्माला आले आहे. आपण त्याला ‘बादल’ म्हणू. घोडी सुमारे ११ महिने पोटात शिंगरू वाढवते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते लटपटत का होईना, उभे राहते. कळपाबरोबर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे.

बादलची शाळा येथूनच सुरू होते, पण पहिल्या इयत्तेत अभ्यास थोडा असतो. आई जवळ असताना माणसाने त्याच्या अंगावरून हात फिरवायचा, एवढेच. आधी खांद्यावरून, मग मानेवरून, पाठीवरून आणि शेवटी पायांवरून. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, जेथे आयाळ संपते तेथे, दातांनी खाजवतात. ही त्यांची दोस्तीची खूण आहे. त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्ये फ्रान्समधील घोड्यांवर केलेल्या संशोधनात आढळून आले. जाणता मोतद्दार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. तो शिंगराला तोंडावर थोपटत नाही, मानेच्या बुडाशी खाजवतो.

पुढचा धडा पाय उचलून देण्याचा. घोड्याच्या खुरात खडे अडकतात, खुरे वाढतात, ती कापावी लागतात, नाल ठोकावी लागते. पण ज्याचा जीव पळण्यावर अवलंबून आहे, त्याने आपला पाय दुसऱ्याच्या हातात देणे ही मोठी गोष्ट आहे. म्हणून पहिल्या दिवशी पायावरून नुसता हात फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पाय क्षणभर उचलायचा आणि त्याने हिसका देण्याआधीच खाली ठेवायचा. असे करत करत काही आठवड्यांत बादल तीन पायांवर शांत उभा राहायला शिकतो.

मग येते म्होरकी. ही तोंडावर चढवायची दोरीची किंवा पट्ट्याची असते. तिला तोंडात घालायची लोखंडी कडी नसते. म्होरकी आधी नुसती हुंगू द्यावी, अंगावर घासावी, मग तोंडावर चढवावी आणि लगेच काढावी. घाई करू नये. एकदा कानाला दुखले, तर पुढे कित्येक दिवस बादल म्होरकी पाहताच मान वर करील.

ओढायचे की सोडायचे?

आता या शाळेतला सर्वांत महत्त्वाचा धडा. बादलला दोरी धरून आपल्याबरोबर चालायला शिकवायचे आहे. नवा माणूस काय करतो? तो दोरी ओढतो. दोरी ओढली की बादलच्या डोक्यामागे दाब पडतो. कोणत्याही प्राण्याप्रमाणे तो त्या दाबाला उलटा जोर लावतो आणि मागे सरकतो. माणूस आणखी ओढतो. घोडा आणखी मागे जातो. शेवटी माणसाचे हात सोलतात आणि दोरी सुटते. पूर्ण वाढलेला घोडा सहज ४०० किलोग्रॅम वजनाचा असतो. रस्सीखेचीत त्याला कोण हरवणार? आणि त्या दिवशी बादल एक धडा मात्र पक्का शिकतो: जोराने मागे ओढले की सुटका होते.

जाणता माणूस वेगळे करतो. तो दोरी हलकेच ताणतो आणि तशीच धरून ठेवतो. ओढत नाही, हिसका देत नाही. नुसता वाट पाहतो. बादल डोके इकडे हलवतो, तिकडे हलवतो. काय करावे हे त्याला कळत नाही. केव्हातरी तो एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी माणूस दोरी सैल सोडतो. दाब नाहीसा होतो. बादल थबकतो. पुन्हा दोरी हलकेच ताणायची, पुन्हा पावलाची वाट पाहायची, पुन्हा सोडायची. दहा-बारा वेळा असे झाले की त्याच्या मनात हिशेब जुळतो. दोरीच्या दिशेने पाऊल टाकले की त्रास थांबतो. मग दोरी ताणायचीही गरज राहत नाही. माणूस चालू लागला की बादल चालू लागतो.

म्हणजे घोडा दोरी ताणल्यामुळे शिकत नाही. ती सैल सोडल्यामुळे शिकतो. सोडण्याची वेळ चुकली तर शिक्षणही चुकते. पाऊल टाकल्यानंतर बऱ्याच वेळाने दोरी सोडली, तर ती कशासाठी सोडली हे घोड्याला कळत नाही. तो हिसके देत असताना सोडली, तर हिसके देणे हेच बरोबर उत्तर आहे असे तो समजतो. वर्गात बरोबर उत्तराला गुरुजींनी लगेच ‘शाबास’ म्हटले, तर ते उत्तर मुलाच्या ध्यानात राहते. घोड्याचेही तसेच आहे.

याच रीतीने पुढचे धडे होतात. छातीला बोट लावले की एक पाऊल मागे सरणे, कुशीला हात लावला की मागचे पाय बाजूला घेणे, माणूस थांबला की थांबणे. दोन्ही बाजूंनी प्रत्येक गोष्टीची सवय करावी लागते. धडा लहान असावा. कोवळ्या घोड्याला दहा-पंधरा मिनिटांचा अभ्यास पुरे. आणि धडा नेहमी त्याला नीट जमलेल्या गोष्टीवर संपवावा, म्हणजे उद्या तो आनंदाने येतो.

माणसाच्या सुरक्षिततेचेही काही नियम आहेत. घोड्याची दोरी कधीही हाताला गुंडाळू नये. घोडा उधळला तर माणूस फरफटत जाईल. घोडा बांधताना निरगाठ मारू नये, एका हिसक्यात सुटेल अशी सुरगाठ मारावी. शिंगरू लाडाने अंगावर रेलू लागले, हात चावू लागले, तर त्याला हळूच पण ठामपणे दूर सारावे. आज २० किलोमीटर चालून आल्यासारखा दमवणारा हा लाड वाटत नाही, गोड वाटतो. पण उद्या तेच शिंगरू मोठे होऊन माणसाला भिंतीवर दाबील. धीर धरणे म्हणजे सारे काही चालवून घेणे नव्हे.

भीतीचा धडा

बादलला एक दिवस बाजारातून, वरातीतून किंवा गर्दीच्या रस्त्यावरून जायचे आहे. तेथे छत्र्या उघडतील, ताशे वाजतील, ताडपत्र्या फडफडतील. त्याची तयारीही जमिनीवरच करतात.

समजा, छत्रीची सवय करायची आहे. मिटलेली छत्री घेऊन माणूस बादलपासून बराच दूर उभा राहतो. बादल कान टवकारतो, मान ताठ करतो. माणूस तेथेच थांबतो. काही वेळाने बादलची मान खाली येते, तो श्वास सोडतो. लगेच माणूस छत्री घेऊन मागे फिरतो. थोड्या वेळाने तो पुन्हा येतो, यावेळी एक पाऊल पुढे. असे करत करत छत्री जवळ येते, हळूच उघडते, अंगाला लागते. कधी कधी माणूस छत्री घेऊन पुढे चालतो आणि बादलला मागून येऊ देतो. आपल्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूची भीती कमी वाटते. थोड्याच वेळात तो नाक पुढे करून ती हुंगू लागतो.

याउलट काही माणसे घोड्याला खांबाला आखूड बांधतात आणि त्याच्याभोवती डबे वाजवतात. घोडा तडफडतो, घामाघूम होतो आणि शेवटी स्तब्ध उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, घोडा शिकला. पण तो शिकलेला नसतो. त्याने आशा सोडलेली असते. अशा घोड्याची भीती आत दबून राहते आणि नको त्या वेळी, पाठीवर माणूस असताना, ती बाहेर येते.

कावा

बादल वर्ष-दोन वर्षांचा झाला, चालणे-थांबणे शिकला, की त्याला लांब दोरीवर फिरवतात. माणूस मध्यभागी उभा राहतो. सुमारे ७-८ मीटर लांबीची दोरी धरून घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो. याला ‘कावा देणे’ असे म्हणतात. येथे घोडा आवाजाचे हुकूम शिकतो. ‘चल’ म्हटले की साधी चाल, मग दुडकी, आणि ‘हो’ म्हटले की थांबणे. शब्द कोणतेही असोत, ते रोज तेच असावेत आणि त्याच सुरात म्हणावेत.

काव्यावर घोडा दमवायचा नसतो. लहान गोलात फार वेळ फिरवले तर कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून थोडा वेळ डावीकडून आणि तितकाच वेळ उजवीकडून फिरवून थांबावे. फिरताना घोड्याचा आतला कान माणसाकडे वळलेला असला, तर समजावे की तो पळत नाही, ऐकत आहे.

घोडा काय वाचतो?

घोडा आपल्याला किती बारकाईने पाहतो, याची एक खरी हकीकत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा फार गाजला. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. ‘तीन अधिक चार किती?’ असे विचारले की हान्स खूर सात वेळा आपटून थांबत असे. लोक थक्क होत. १९०४ मध्ये जाणकारांच्या एका मंडळाने तपासणी केली, पण त्यात कसलीही लबाडी आढळली नाही.

नंतर ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने खूप प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्सही चुकत असे. माणूस दिसेनासा झाला तरी तो चुके. याचा अर्थ काय? बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत अगदी थोडेसे हले. ते त्या माणसाला स्वतःलाही कळत नसे. हान्स मात्र ते पाहून थांबे. फुंग्स्टने हे संशोधन १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता.

म्हणून शिंगराला शिकवणाऱ्याने आधी स्वतःला आवरावे लागते. तुम्ही घरून रागात आलात, तर खांदे ताठ असतात, पावले जोरात पडतात, श्वास अडखळतो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी बादलला ते दिसते. तो अस्वस्थ होतो. तो अस्वस्थ झाला म्हणून तुम्ही आणखी रागावता. अशा दिवशी चांगला मोतद्दार अभ्यास बंद ठेवतो. तो नुसता खरारा करतो, चारा घालतो आणि परत जातो. तो दिवस वाया गेला असे त्याला वाटत नाही. रागात दिलेला एक धडा पुसायला महिना लागतो, हे त्याला माहीत असते.

पाठीवर बसण्याचा दिवस

हे सारे झाल्यावर खोगिराची पाळी येते. आधी पाठीवर नुसता कापडाचा तुकडा, मग हलके खोगीर, मग सैल पट्टा. पट्टा रोज थोडाथोडा आवळायचा. काही दिवस बादलने खोगीर घेऊन नुसते चालायचे. मग हलका माणूस पाठीवर पोट टेकून ओणवा होतो आणि लगेच उतरतो. एक दिवस तो पाय टाकून बसतो. बादल मान वळवून मागे पाहतो आणि उभा राहतो. पाहायला जमलेल्यांना वाटते, यात काय विशेष? काहीच घडले नाही! पण काहीच न घडणे हेच तर त्या सर्व महिन्यांचे फळ असते.

घाई न करण्याचे आणखी एक कारण आहे. घोडा दोन वर्षांचा झाला की मोठा दिसतो, पण त्याची हाडे अजून कोवळी असतात. पाठीच्या मणक्यांची वाढ सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांच्या सुमारास पूर्ण होते. म्हणून जाणकार लोक कोवळ्या घोड्यावर भार टाकण्याची घाई करत नाहीत आणि सुरुवातीची काही वर्षे काम हलके ठेवतात.

मालकांना मात्र नेहमी घाई असते. बाजार जवळ आलेला असतो, गिऱ्हाईक दारात उभे असते. मग शिंगराला दोरखंडाने बांधून, मारून, दमवून एका आठवड्यात स्वार बसवतात. घोडा काही दिवस चालतो आणि एके दिवशी उधळतो. स्वार पडतो. त्याचा हात मोडतो, कधी जिवावर बेतते. घोड्याला ‘खोडीचा’ म्हणून विकतात. नवा मालक आणखी जोरात लगाम ओढतो. अशा रीतीने तो दारोदार फिरतो. त्याची चूक एवढीच, की त्याला कोणी नीट शिकवले नाही आणि आपली भीती त्याला बोलून सांगता आली नाही. नाठाळ घोडे क्वचितच जन्माला येतात, बहुतेक घडवले जातात.

दोन भाषांचे एक नाते

तुम्ही हा पाठ वाचताना एक गंमत ध्यानात आली असेल. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तबेला, स्वार हे शब्द तुम्हांला शब्दकोशात शोधावे लागणार नाहीत. फारसी आणि अरबीतून ते उर्दूत आले आणि मराठीतही आले. दख्खनच्या पठारावर शतकानुशतके घोडदळे फिरली, त्यांच्याबरोबर हे शब्दही फिरले.

घोडे शिकवणाऱ्याला मराठीत ‘चाबुकस्वार’ म्हणतात. हे आडनावही तुम्ही ऐकले असेल. कोणाला वाटेल, चाबूक मारणारा तो चाबुकस्वार. पण फारसीत ‘चाबुक’ या शब्दाचा अर्थ ‘चपळ’ असा आहे. म्हणजे चाबुकस्वार हा मुळात मारणारा नाही. तो चपळ, हुशार स्वार आहे.

आजही महाराष्ट्रात घोडे आपल्या आसपास आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानच्या डोंगरवाटांवरून घोडे पर्यटकांना घेऊन जातात. २०२३ साली चीनमधील हांगझाऊ शहरात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ‘ड्रेसाज’ या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेले हे सुवर्णपदक होते. या खेळात घोडा पळवायचा नसतो. स्वाराचा इशारा कोणाला दिसू नये आणि घोड्याला मात्र कळावा, यातच तेथे कौशल्य असते. त्या इशाऱ्याची सुरुवात कोठे होते, हे आता तुम्हांला माहीत आहे. ती शिंगराच्या तोंडावरच्या साध्या म्होरकीपासून आणि वेळेवर सैल सोडलेल्या दोरीपासून होते.

पुढच्या वेळी वरातीत ताशांच्या गजरात शांत उभा असलेला घोडा दिसला, तर क्षणभर थांबा. त्याच्या कानांकडे पाहा. त्याच्या खांद्याशी दोरी सैल धरून उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहा. नवरदेवाकडे तर सगळेच पाहत असतात.

शब्दार्थ

शिंगरू – घोड्याचे पिल्लू
उमदा – देखणा, चांगल्या जातीचा
बुजणे – एकाएकी घाबरून मागे सरणे
उधळणे – ताबा सुटून पळत सुटणे
नाठाळ – खोडकर, न ऐकणारा
मोतद्दार – घोड्याची देखभाल करणारा
म्होरकी – जनावराच्या तोंडावर बांधायची दोरी
खरारा करणे – घोड्याचे अंग घासून साफ करणे
दुडकी – घोड्याची मध्यम वेगाची चाल
ओणवा – पुढे वाकलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्यूसेफेलस घोडा कशाला घाबरत होता?
(आ) घोड्याला कोणत्या दोन जागा दिसत नाहीत?
(इ) घोडा बांधताना कोणती गाठ मारावी?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दोरी केव्हा सैल सोडावी? का?
(आ) हान्स या घोड्याला बरोबर उत्तर कसे कळत असे?
(इ) रागात असताना शिंगराला का शिकवू नये?

३. कारणे लिहा.
(अ) घोडा कागदाच्या पिशवीलाही बुजतो.
(आ) कोवळ्या घोड्यावर लवकर भार टाकू नये.

४. वाक्यात उपयोग करा.
ध्यानात येणे, कान टवकारणे, जिवावर बेतणे, वाट पाहणे.

५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द शोधा. त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक आहे का, ते वर्गात सांगा.

६. ‘मला धीराने शिकवणारी व्यक्ती’ या विषयावर आठ-दहा ओळी लिहा.